डोक्यावरची दुबार पेरणी

धाराशिव जिल्ह्यात एखाद्या मोठ्या माणसाचं डोकं गुळगुळीत दिसलं, की एस.टी. स्टँडवर प्रश्न एकच येतो, "कोण वारलं हो?" उत्तर तयार नसेल तर पंचाईत होते. 'तिरुपतीला जाऊन आलो' हे दुसरं सर्वमान्य उत्तर, पण त्याच्यामागून 'मग लाडू कुठंय?' हे हमखास येतं. अलीकडं तिसरंच एक उत्तर खरं असू लागलंय, फक्त ते कोणी मोठ्यानं देत नाही. सोलापूरला, लातूरला, नाही तर थेट पुण्याला जाऊन डोक्यावर केस लावून आलोय. आता केस लावायला गेलेला माणूस होते तेवढेही उतरवून परत येतो, हे स्टँडवरच्या चौघांच्या गळी उतरवण्यापेक्षा लांबचा एखादा चुलता वारला म्हणून सांगणं सोपं.

अशा एका गुरुजींची गोष्ट घेऊ. गुरुजी नमुन्यादाखल आहेत. कळंबपासून उमरग्यापर्यंत कोणत्याही केंद्रात शिक्षण परिषद भरली आणि मागच्या बाकावरून मोजलं, तर असे तीन-चार सहज निघतील. वय छत्तीस, नोकरी कायम, घरचं पाच एकर सोयाबीन, आणि कपाळ गेल्या दहा वर्षांत मागं सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलेलं. गुरुजी दोन ठिकाणी डोकं दाखवून आले. एकानं सांगितलं, साडेचार हजार ग्राफ्ट लागतील, लागोपाठ दोन दिवसांत उरकून टाकू. दुसरा म्हणाला, आता पुढचे बावीसशे लावू, उरलेलं वर्षभरानं बघू. गुरुजींनी दोन्ही कागद शर्टाच्या खिशात घातले आणि गावात आले.

गावात या विषयावर तज्ज्ञांची कमतरता नाही. दाजी म्हणाले, "एक घाव दोन तुकडे करा." मुख्याध्यापक म्हणाले, "थेंबे थेंबे तळे साचे." मराठी म्हणींचा हा मोठा गुण आहे, त्या वकिलासारख्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात. घरात विचारलं तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "एकदम लावा नाही तर हप्त्यानं लावा, माझ्या गळ्यातलं मोडायचं नाही, एवढं बघा."

खरं तर टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या गोष्टींचा या जिल्ह्याला चांगला सराव आहे. उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेही एका बैठकीत झालं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं आणि तालुक्याचं बदललं, आणि रेल्वे स्टेशनवरची पाटी पालटायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात शहर धाराशिव, जिल्हा उस्मानाबाद, असा पत्ता वाचताना पोस्टमनची जी अवस्था व्हायची, तीच दोन सत्रांच्या मधल्या माणसाकडं बघताना होते. पुढून नवा, मागून जुना.

पूर्वी हा घोळ नव्हता. पेशवाईत घेरा आणि शेंडी राखून बाकीचं डोकं वस्तऱ्याखाली जायचं. कपाळ टाळूपर्यंत मोकळं, ही सभ्य माणसाची खूण. ज्याला मुळातच टक्कल, त्याच्या न्हाव्याचे उलट कष्ट वाचायचे. डॉक्टर लोक टकलाच्या पायऱ्या मोजायला एक तक्ता वापरतात. हॅमिल्टननं तो १९५१ साली मांडला, नॉरवूडनं १९७५ साली सुधारला, आणि त्यात पहिली ते सातवी अशा इयत्ता आहेत. त्या तक्त्यापुढं उभा केला असता, तर अख्खा पेशवे दरबार सहावीत बसला असता. पुढं इंग्रजी पद्धतीनं केस राखायची चाल आली, तरी वर टोपी होती, पटका होता, फेटा होता. कोणाच्या टोपीखाली काय आहे हे फक्त घरच्यांना आणि न्हाव्याला ठाऊक. मग टोपी गेली आणि झाकली मूठ उघडी पडली. तेव्हा टोपी घालून टक्कल झाकायचे. आता टक्कल दाखवायला गेलेल्याला टोपी घालणारेही पुष्कळ भेटतात.

गुरुजींचं जावळ तुळजापुरात निघालं होतं. नातवाचे केस आता दाट येतील, अशी आजीची खात्री होती. ती गॅरंटी पंचवीस वर्षं टिकली, म्हणजे हल्लीच्या कोणत्याही वॉरंटीपेक्षा जास्तच. त्यानंतर कंगव्यात, उशीवर आणि न्हाणीघराच्या मोरीत केस दिसू लागले. निम्मे केस जाईपर्यंत बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही असं म्हणतात, आणि गुरुजींनाही ते वर्गाच्या ग्रुप फोटोत कळलं. मागं झाडाखाली उभे होते, आणि ऊन नेमकं डोक्यावर पडलं होतं.

मध्यंतरी त्यांना एक आशाही लागली होती. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं एकाएकी बातमीत आली. बाया, माणसं, पोरं, सगळ्यांचे केस चार दिवसांत मुठीनं हातात येऊ लागले. आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळं नाव असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. त्या आठवड्यात गुरुजींनी घरातला गहू डोळ्यांत तेल घालून निवडला. आपल्याही टकलाला रेशन दुकान जबाबदार निघालं तर किती बरं! पण बुलढाण्यातल्या बऱ्याच जणांचे केस परत उगवले. गुरुजींचं टक्कल वडिलोपार्जित होतं. आजोबा, वडील, थोरले चुलते, सगळ्यांची नोंद सातबाऱ्यावर असल्यासारखी ओळीनं.

या वडिलोपार्जित टकलाचा एक स्वभाव मात्र डॉक्टरांच्या उपयोगी पडला. ते कपाळावर आणि माथ्यावर धुमाकूळ घालतं, पण दोन कानांच्या मधला मागचा पट्टा सोडून देतं. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली तिथले केस काढून पुढं लावून पाहिले, तर ते मागच्याच गुणानं पुढंही टिकले. (त्याआधी १९३९ मध्ये जपानच्या डॉ. शोजी ओकुदांनी केस लावण्याचं काम करून छापलंही होतं, पण महायुद्धाच्या धामधुमीत तिकडं कोणाचं लक्ष गेलं नाही.) म्हणजे केसाची बदली झाली तरी त्याची सेवापुस्तिका मूळ शाळेचीच राहते. गुरुजींना हे शास्त्र एका दमात कळलं, कारण बदली हा त्यांच्या खात्याचा जिव्हाळ्याचा विषय.

त्या काळचे ठोंब चार-चार मिलिमीटर जाडीचे असत. पन्नास-शंभर ठोंब लावायचे, घरी जायचं, पुन्हा यायचं. डोकं दिसायचं प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं, नाही तर ज्वारी काढल्यावर उरलेल्या सडासारखं. १९९० च्या दशकात केसांचे नैसर्गिक झुपके सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून एकेक लावायची रीत बसली, ठोंबांची रोपं झाली, आणि एका बैठकीत हजारोंनी लावायची हिंमत डॉक्टरांना आली. हा एक-एक झुपका म्हणजे ग्राफ्ट. त्यात एकापासून चारपर्यंत केस असतात. म्हणून जाहिरातीत 'पाच हजार केस' लिहिलंय की 'पाच हजार ग्राफ्ट', हे चष्मा लावून वाचावं लागतं. गुंठ्याचा भाव एकराच्या थाटात सांगणारे प्लॉटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे नवीन नाही.

कांद्याची लागण केलेल्या माणसाला पुढचं सगळं पाहिल्यासारखं वाटेल. वाफ्यातून रोप उपटायचं, मुळी तुटू द्यायची नाही, ओल्या पोत्यात गुंडाळायचं आणि सुकायच्या आत लावून मोकळं व्हायचं. इथंही तसंच. माणसाला आधी पालथा झोपवतात आणि मागून एकेक रोप टोकरून काढतात. ती थंड सलाइनमध्ये काचेच्या बशीत दहा-दहाच्या ओळीनं मांडतात. मग माणूस उताणा करायचा, पुढं बारीक छिद्रं पाडायची आणि चिमट्यानं एकेक बसवायचं. तीन हजार रोपं सहा तासांत बसवायची म्हणजे तासाला पाचशे, मिनिटाला आठ. बसवणारी पोरं-पोरी भिंगाचा चष्मा लावून माना मोडून बसलेली असतात. मध्ये जेवणाची सुट्टी होते, आणि गिऱ्हाईकही डोक्याला पट्टी बांधून वरण-भात खातो. बशीतल्या रोपांना मात्र सुट्टी नसते. अमेरिकेतल्या डॉ. बॉबी लिमर यांनी मोजून ठेवलंय. काढल्यापासून दोन तासांत लावलेली शंभरातली पंच्याण्णव जगली, सहा तासांनी लावलेली शहाऐंशी, आणि चोवीस तास ठेवलेली एकोणऐंशी. एकदम मोठा फड मांडणाऱ्यानं एवढं तरी विचारावं, की बशीतलं शेवटचं रोप किती वाजता मातीत जाणार?

एकदम करण्याची बाजू तरीही लंगडी नाही. रजा एकदा, गोटा एकदा, सोलापूरचं तिकीट एकदा, आणि मुख्य म्हणजे खोटं एकदाच बोलायचं. टप्प्याटप्प्यानं करणाऱ्याच्या घरात वर्षभराच्या अंतरानं दोनदा मुंडन दिसलं, तर गाव दोनदा सांत्वनाला येणार. तिसरं सत्र निघालं तर भावकी वास्तुशांत करायला सांगेल. शिवाय गुरुजींच्या रजेचंही गणित आहे. मे महिन्याची सुट्टी लांबलचक, पण तेव्हा धाराशिवचं ऊन बेचाळीसला टेकतं आणि नव्या रोपांना ऊन चालत नाही. दिवाळीची सुट्टी गारव्याची, पण तोकडी. आणि मधूनच मतदार याद्या नाही तर जनगणना निघाली, की कपाळावर खपल्या घेऊन दारोदार फिरायची पाळी.

पण एकदमला एक हद्द आहे आणि ती मोडल्यावर काय होतं, हे मुंबईत दिसलं. तिथं हसायला जागा नाही. मार्च २०१९ मध्ये त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकानं एका बैठकीत ग्राफ्ट लावून घेतले, आणि बातम्यांत आलेला आकडा होता नऊ हजारांच्या वर. बारा तासांहून जास्त काळ ते काम चाललं. दोन दिवसांनी चेहरा सुजला, श्वास लागला आणि रुग्णालयात मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी सांगितला. भुलीच्या लिग्नोकेनला वजनाची मर्यादा असते, ॲड्रेनलिन मिसळलेलं असलं तरी किलोमागे साधारण सात मिलिग्रॅम. डोकं जितका वेळ उघडं, तितकी इंजेक्शनं जास्त. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नियमावली काढली. हे काम कोणी करायचं ते त्यात सांगितलंच, पण कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केस लावायला शिकता येत नाही, हेही लिहिलं. असं लिहावं लागलं, म्हणजे तसं शिकलेले कोणीतरी असणारच.

वरचा हिशेब मात्र अजून पुढचाच आहे, आणि सगळी मेख मागं आहे. मागच्या त्या पट्ट्यातून आयुष्यभरात निघणार किती, तर साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट, चांगलं रान असेल तर थोडे जास्त. त्यापुढं उपसलं की मागचं डोकं कसर लागलेल्या घोंगडीसारखं दिसू लागतं. ढोकीच्या कारखान्याला ऊस घातलेल्या शेतकऱ्याला वाटेल, तोडला तर तोडला, खोडवा येईलच की. इथं खोडवा येत नाही. काढलेल्या जागी परत काही उगवत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण ज्या जिल्ह्यानं टँकरच्या रांगेत उभं राहून पाठ केली, तिथली माणसंही दवाखान्यात गेल्यावर फक्त पुढचा आरसा बघतात. साडेचार हजार एकदम की दोनदा, यावर गुरुजी आणि दाजी यांची तीन रविवार चर्चा झाली. आडात पाणी किती, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.

विचारलं ते दुसऱ्या डॉक्टरनं, आणि तेही धाकट्या भावाच्या निमित्तानं. हा भाऊ चोवीस वर्षांचा, घरची शेती बघतो, आणि कपाळाचे दोन्ही कोपरे आत्ताच आत गेलेले. त्याचं घोडं लग्नाला अडलेलं. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. 'आम्हाला बायको मिळवून द्या' ही मागणी. शेतकरी म्हटल्यावर आधीच मुली नकार देतात, त्यात कपाळ मोठं. शिवाय टोप घालून लग्न उरकण्याचा मार्गही बंद झालाय. मीरा रोडला २०२० साली एका नव्या नवरीनं, नवऱ्यानं टक्कल लपवलं म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. तेव्हा दादाबरोबर आपलंही एकदम उरकावं, दोघांत काही सूट बसली तर बघावी, असा धाकट्याचा विचार. सूट विचारायचं एक कारण होतंच. आरोग्यसेवेला जीएसटीची जी माफी आहे, तिच्यातून केसरोपण नाव घेऊन वगळलंय. जन्मजात दोष, अपघात असं काही असेल तरच माफी. टक्कल हे सरकारच्या लेखी दुखणंच नाही.

डॉक्टरनं धाकट्याला परत पाठवलं. म्हणाला, तुझं टक्कल आत्ताशी चालायला लागलंय, कुठं थांबणार ते दिसू दे. आज पुढं दाट रांग लावली आणि मागचे जुने केस दहा वर्षांत गेले, तर वेशीला नवी कमान आणि आत गाव ओस, असं होईल. गाव परत वसवायला मागं पाणी उरलेलं नसेल. तोवर मिनॉक्सिडिल लाव, गोळ्या घे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा लोकांचं तिकडं लक्ष गेलं. धाकट्याला यातलं एवढंच कळलं की आपला रक्तदाब वाढलाय.

गुरुजींच्या कपाळावर डॉक्टरनं मार्करनं रेघ मारली. गुरुजींनी दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो सोबत नेला होता, रेघ तिथंच हवी म्हणून. डॉक्टरनं ती दोन बोटं वर नेली. खाली नेली तर तिथंच हजारभर ग्राफ्ट खर्ची पडतील आणि पन्नाशीत कपाळ पंधराचं, डोकं साठीचं दिसेल. बावीसशे ठरले. बाकीचे मागं शिल्लक. एका चौरस सेंटिमीटरमध्ये निसर्ग सत्तर-ऐंशी झुपके देतो. चाळीसच्या आसपास लावले तरी बघणाऱ्याचा डोळा फसतो, तेव्हा सगळं रान एकदम दाट करायचं कारण नाही. दाजींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जेसीबी एकदा दारात आला की सगळं काम काढून घ्यावं.

दिवाळीच्या सुट्टीत लागण झाली. स्टँडवर विचारणाऱ्यांना गुरुजींनी तिरुपती सांगितलं आणि लाडू म्हणून कुंथलगिरीचे पेढे वाटले. कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र लावलेले सगळे केस गळून पडले. हे असं होणारच असतं. केस गळतो, मूळ आत जिवंत राहतं आणि तीन-चार महिन्यांनी फुटतं. पूर्ण रान दिसायला वर्ष लागतं. हे सगळं छापील कागदावर होतं. पण उगवलेलं पीक डोळ्यांदेखत माना टाकताना ज्यानं पाहिलंय, त्याला कागद धीर देत नाही. गुरुजींनी डॉक्टरला फोन करून पहिला शब्द उच्चारला तो 'दुबार पेरणी'. पलीकडून डॉक्टर हसला. त्याला हा शब्द त्या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकायला मिळाला होता.

होळीच्या सुमारास कोंब आले. आखाडात घरच्यांनी पुन्हा कंगवा विकत आणला. शाळा उघडल्यावर गुरुजी बऱ्याच महिन्यांनी सलूनमध्ये जाऊन बसले. न्हाव्यानं मानेला कापड गुंडाळलं, पुढचं डोकं न्याहाळलं, काही बोलला नाही. तिरुपतीचे पेढे त्यानंही खाल्ले होते. मग सवयीप्रमाणं मशीन सुरू केलं, मागं गेला आणि विचारलं, "मागून जरा बारीक करू का, गुरुजी?"

गुरुजींचा हात कापडाखालून झटकन मानेवर गेला.

"थांब. आरसा धर मागं. आधी बघू दे, किती शिल्लक आहेत."